घरात माणसं पाच

आई त्र्याहत्तर वर्षांची झाली होती. मनस्विनीने पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. पत्नी, वय त्र्याहत्तर, प्रकृती बरी, वास्तव्य याच घरात. तिच्या वरच्या ओळीत कुटुंबप्रमुख, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षक. खाली मुलगा, सून आणि अगदी शेवटी मुलगी, वय एकोणचाळीस, नोकरी, वास्तव्य याच घरात. एकूण माणसं पाच. नावं कुठेच नव्हती, ती गाळूनच माहिती तिच्याकडे येत असे. पण गाव हेदवी होतं, वाडी त्यांची होती, आणि त्या वाडीत निवृत्त शिक्षक म्हणाल तर एकच, तिचे बाबा. मग ती शेवटची मुलगी म्हणजे ती स्वतः. आणि ती काही हेदवीच्या घरात नव्हती, रत्नागिरीत नाचणे रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत पंखा आणि एका खोलीत शांतता अशा फ्लॅटमध्ये गेली चार वर्षं एकटी राहत होती. तेही एक वेळ चाललं असतं. उन्मेषदादा आणि वहिनी डोंबिवलीत होते, तेही चाललं असतं. पण आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. गेली तेव्हा ती सत्तरीची होती. गेलेल्या माणसाचं वय तिथेच थांबतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि इथे आई कुणालाही न सांगता वाढत राहिली होती. मनस्विनीच्या हातातला चहा निवून गेला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला, आणि तिला वाटलं, आपण हे पाहिलंच नसतं तर किती बरं झालं असतं.

न पाहणं मात्र तिच्या हातात नव्हतं, कारण पाहायचाच तिला पगार मिळत होता. म्हातारपणी एकटं कोण राहतं याचा अभ्यास युरोपातलं एक विद्यापीठ बऱ्याच देशांत एकाच वेळी करत होतं, आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे आकडे विश्वासाचे आहेत की नाहीत हे ठरवणं मनस्विनीकडे होतं. तशी ही जगभरची रड. लांबच्या देशातल्या माणसाला आकडा हवा असतो, आणि तो खात्रीचा हवा असतो. सरकारी जनगणना जुनी झालेली. मतदारयादीत बघावं तर गाव माणसांनी फुललेलं, रेशनकार्डावर बघावं तर त्याहून फुललेलं, आणि प्रत्यक्ष गावात जावं तर चार घरांपैकी तीन घरांना कुलूप. म्हणून तर स्वतंत्र पाहणी करायचं ठरलं. प्रश्नाचा मराठी मसुदा मनस्विनीनेच केला. 'गेल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस या घरात कोण कोण राहिलं?' यात कुठे फट नव्हती. त्या प्रश्नावर तिने पैज लावली असती. आणि महिन्यापूर्वी पहिली बेरीज आली तेव्हा तिकडच्या प्रमुख बाई, एल्के, पडद्यावर हसून म्हणाल्या होत्या, की तुमचा किनारा म्हणजे नवल आहे, एकटे म्हातारे जवळजवळ नाहीतच, कुटुंब कसं टिकवायचं हे तुमच्याकडून शिकावं. त्या दिवशी मनस्विनीला, खोटं कशाला बोला, अभिमान वाटला होता. आपल्या माणसांना बाहेरच्याने चांगलं म्हटलं की बुद्धी जरा सुटीवर जाते. आता आज संध्याकाळपर्यंत तिने 'तपासलं, ठीक आहे' एवढं कळवायचं होतं. त्यावर पुढचं ठरणार होतं. जिथे एकटे म्हातारे जास्त, तिथे रोज कुणीतरी घरी जाऊन विचारपूस करायची योजना सुरू होणार होती. जिथे नाहीत, ते गाव यादीतून बाद.

तिने बाबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्या वाजण्याबरोबर तिला ते घर दिसत होतं, ओटीवरचा झोपाळा, माजघरातलं कपाट, कपाटावर फोन, आणि फोनच्या आसपास कुणीच नाही. बाबा दुपारी एक डुलकी काढतात, ती कधीच संपायला हवी होती. मग भीतीने एकेक वस्तू पुढे आणायला सुरुवात केली. भीती मोठी टापटिपीची असते, सगळं जपून ठेवलेलं असतं तिने. गेल्या महिन्यात ती गेली होती तेव्हा आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, आणि ती हसली होती. निघताना बाबा म्हणाले होते, 'सावकाश जा, पोचलीस की आमच्याकडे फोन कर.' आमच्याकडे. तेव्हा ते बोलण्याच्या ओघातलं वाटलं होतं. आता त्या शब्दातली माणसं ती मोजू लागली. ज्या माणसाने जन्मभर गणित शिकवलं, ज्याने पाटीवरची बेरीज चुकली म्हणून स्वतःच्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं, तो माणूस आपल्या मेलेल्या बायकोचं वय दरवर्षी एकाने वाढवतो आणि दारात आलेल्या परक्याला सांगतो, याचा अर्थ एकच होता आणि तो तिला मनातसुद्धा उच्चारायचा नव्हता. तिने सखारामला लावला, आंब्याची फवारणी तोच बघत असे. त्याचा फोन लागेना. हेदवीत रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली.

मग तिने दर्शनाला फोन केला. दर्शना त्यांच्याच गावातली, अंगणवाडीत मदतनीस. त्या वाडीची माहिती तिनेच गोळा केली होती. 'गुरुजींच्या घरचं तू लिहिलंस ना गं?' मनस्विनीने विचारलं, आणि आपला आवाज वकिलासारखा लागतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

'व्हय ताई. गुरुजींनी सांगितलानी तसाच लिवलंय.'

'आईचं पण?'

दर्शना हळू आवाजात म्हणाली, 'बाई जाऊन किती वर्सा झाली ता मला काय म्हायीत नाय? मी इचारलं, गुरुजी, बाईंचा कसा? तर बोललं, लिही, त्र्याहत्तर. आता मी गुरुजींना खोटा पाडू? पाढं त्यांनीच शिकवल्यानी मला.'

'पण दादा? मी? आम्ही कुठे राहतो तिथे?'

'ताई, रागावू नका. आमचं मालक वर्सभर विरारला. गनपतीला आन शिमग्याला येतात. म्हनून त्यांचा नाव माझ्या घरात नको लिवू? ते काय मेलेत? आन खालच्या वाडीत म्हातारी एकलीच ऱ्हाते, तिला एकटी लिवायची म्हंजे तिच्या पोरांच्या नावानं आंघोळ करायची काय? तिनं सांगितलान चार, मी चार लिवलं. सगल्यांनी तसाच लिवलंय.'

सगल्यांनी. मनस्विनीने फोन ठेवला. तिने घाईघाईने सगळा किनारा पडद्यावर वरून खाली सरकवला, आणि जे महिनाभर डोळ्यांसमोर होतं ते आत्ता दिसलं. कुठेही कोरी जागा नव्हती. 'माहीत नाही' नव्हतं, 'सांगता येत नाही' नव्हतं, कुणी अडखळलंच नव्हतं. खऱ्या माहितीला कुठेतरी डाग असतो, खाडाखोड असते. ही माहिती लग्नाला निघालेल्या माणसासारखी होती, परीटघडीची. आपल्याकडे निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि एकदा 'येतो' म्हणून गेलेल्या माणसाला घरातून वजा करायची कुणाची छाती नाही. वर्षानुवर्षं उंबऱ्यावर हे ऐकत ती लहानाची मोठी झाली, स्वतःही दरवेळी म्हणत आली, आणि मसुदा करताना तेवढंच नेमकं विसरली. शिकल्यासवरल्याचा हाही एक उपयोग. पण आई तर 'येते' म्हणून गेली नव्हती. आई काहीच न बोलता, रत्नागिरीच्या दवाखान्यात, भिंतीकडे तोंड करून गेली होती.

गाडी काढून ती जयगडच्या रस्त्याला लागली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. दोन्ही बाजूंच्या कातळावर गवत वाळून गेलेलं, अधूनमधून कलमांच्या बागा, मोहोराचा तो गोड, जरासा डोकं धरणारा वास. लहानपणी या वासात तिची परीक्षा असे. बाबा ओटीवर बसवून गणितं घालत आणि एकच वाक्य म्हणत, 'हातचा घेतलास का?' हातचा घेतला नाही म्हणून किती बेरजा चुकल्या तिच्या. आई आतून म्हणे, पुरे हो, पोर वाळली. आणि बाबा म्हणत, हातचा पाटीवर दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे. चार वर्षांपूर्वी नवऱ्यापासून, विनीतपासून, वेगळी होऊन ती रत्नागिरीत आली, तेव्हा सगळ्यांनी काही ना काही विचारलं होतं. दादाने विचारलं, वहिनीने विचारलं, आईने तर रडून विचारलं. बाबांनी काहीच विचारलं नाही. फक्त तिच्या खोलीतल्या पलंगाला नवीन गादी करून घेतली. त्या गादीवर ती वर्षातून किती वेळा झोपली असेल? तिला त्या गादीचा राग आला, नंतर स्वतःचा आला. बाबा पडले असतील तर? न्हाणीघरात शेवाळ होतं, तिने पाहिलं होतं, घासून घ्यायला हवं असं म्हणालीही होती. म्हणणं आणि करणं यांच्यामध्ये पंचेचाळीस किलोमीटर रस्ता आणि एक खाडी.

जयगडला फेरीबोट पलीकडे गेलेली होती. ती परत येईपर्यंत मनस्विनी गाडीत बसूच शकली नाही, धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिली. बोटीत गाडी चढवली, बोट हलली, आणि फोनवर एल्केचा निरोप आला. 'तुझं हो समजू का? उद्या सकाळी यादी पक्की करतोय.' सरळ, सभ्य वाक्य. उत्तरही तेवढंच सोपं होतं. 'हो' म्हटलं तर बाबांच्या घरात पाच माणसं सुखाने नांदत राहणार होती, आई दरवर्षी एकेक वर्षाने मोठी होणार होती, आणि दर्शनाच्या त्या खालच्या वाडीतल्या म्हातारीच्या दाराशी कधीच कुणी 'कशा आहात' विचारायला येणार नव्हतं. 'नाही' म्हणायचं तर कारण द्यावं लागणार होतं. काय सांगायचं? आमच्याकडची माणसं खोटं बोलतात? तिकडच्या लोकांनी आतापर्यंत आपल्याबद्दल फक्त चांगलं ऐकलं होतं. आणि पुरावा म्हणून कुणाला पुढे करायचं? भ्रमिष्ट झालेल्या बापाला? तिने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं. खाडीचं पाणी बोटीच्या लोखंडावर आपटत होतं. शेजारी कोळणी मोठ्याने हसत होत्या. तिला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. बाबा असू देत, एवढंच ती म्हणत होती, कुणाला म्हणत होती कुणास ठाऊक. जरा चळलेले असले तरी चालतील, पण असू देत. मग ताबडतोब वाटलं, चालतील? खरंच चालतील? आपल्याला नावाने ओळखलं नाही तरी?

पलीकडच्या काठाला, तवसाळला, उतरल्यावर हेदवीपर्यंतचा रस्ता तिला आठवतच नाही. घराचं दार सताड उघडं होतं. ओटीवर झोपाळा स्थिर. 'बाबा!' तिने हाक मारली. माजघरात फोन कपाटावर होता, तिच्याच न घेतलेल्या फोनांनी भरलेला. स्वयंपाकघरात कुणी नाही. तिने न्हाणीघराचं दार लोटलं, कडी वाजली. आत कुणी नव्हतं. शेवाळही नव्हतं, लादी स्वच्छ घासलेली होती. 'बाबा!' दुसऱ्यांदा मारलेली हाक किंकाळीसारखी निघाली. आणि मागच्या आगरातून, पोफळींच्या सावलीतून, नेहमीचा खणखणीत आवाज आला.

'अगो कोण ते? ओरडत्येस काय अशी? आग लागल्ये की काय?'

बाबा धोतर वर खोचून, हातात नळी घेऊन पोफळींना पाणी लावत होते. पायाला चिखल. चष्म्यावर थेंब. मनस्विनी मागच्या दाराच्या पायरीवर बसली. तिला रडायला आलं आणि त्या रडण्याचा भयंकर राग आला.

'फोन का नाही घेत तुम्ही?'

'फोन आत, मी आगरात. पोफळींना फोन लावून पाणी जातं का?' त्यांनी नळी आळ्यात टाकली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. 'काय झालंय, मनू?'

तिने एकदम काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. आडून, हळूहळू, डॉक्टर विचारतात तसं विचारणार होती. पण तोंडातून सरळच निघालं. 'दर्शनाला तुम्ही आईचं वय त्र्याहत्तर सांगितलंत.'

बाबांनी हात पुसले. मग ते पंपाकडे गेले, पंप बंद केला, परत आले. एवढ्या वेळात तिने त्यांच्या चालण्याकडे, हातांकडे, डोळ्यांकडे बघून घेतलं, आणि त्यांनी ते ओळखलं.

'तपासत्येस मला? वार विचार. तेराचा पाढा विचार. उलटा म्हणून दाखवू?'

'बाबा...'

'मला माहीत आहे ती नाही.' ते तिच्याशेजारी पायरीवर बसले. 'अग्नी मीच दिला ना. रत्नागिरीच्या नगरपरिषदेतून मृत्यूचा दाखला, तोही मीच आणला. डोकं ठिकाणावर आहे माझं, घाबरू नकोस. ती मुलगी दारात उभी. तिने विचारलंन्, घरात कोण कोण. मी म्हटलं, मी. आणि? म्हणाली. आता दर्शनाच ती, तिला काय ठाऊक नाही? पण कागदासाठी विचारावं लागतं, म्हणून तिने विचारलंन्. आणि? असं विचारलं की गप्प कसं बसायचं? माझ्या तोंडून ही निघून गेली. एकदा म्हटलं ते मागे घ्यायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा...' ते थांबले. 'मग वय विचारलंन्. ते मात्र मी अचूक सांगितलं.'

त्या 'अचूक'वर मनस्विनीला हसू आलं. बाबाही ओठांतल्या ओठांत हसले. मोठा ताण सैल झाला होता, पण पुरता गेला नव्हता. कारण आता मघाचा प्रश्न उघडा पडला होता. माणूस शहाणा होता आणि एकटा होता, आणि ते 'एकटा' त्याने सांगितलं नव्हतं.

'आणि दादा, वहिनी, मी?' तिने विचारलं.

'हातचे,' बाबा म्हणाले. 'पाटीवर दिसत नाहीत.'

'हातचा पुढे मिळवायचा असतो, बाबा. मागे धरून नाही ठेवायचा. तुम्हीच शिकवलंत.'

आगरात ओल्या मातीचा वास सुटला होता. कुंपणापलीकडून कुणाची तरी गाय हंबरली. तिने त्यांना सगळं सांगितलं. परदेशातला तो अभ्यास, ती विचारपुशीची योजना, खालच्या वाडीतली म्हातारी, दर्शनाचे मालक, आणि हेही की महिनाभर आपण त्या आकड्यांवर खूश होतो. बाबा शिक्षक होते, चुकीची बेरीज समोर आली की त्यांना राहवत नसे. 'म्हणजे सगळ्या गावाने माझ्यासारखंच केलंन् म्हण की,' ते म्हणाले. 'मग बेरीज बरोबर येईलच कशी? पण आमच्यावर कशाला रागावत्येस? तू विचारलंस कोण राहतं. ते कुणी दिवस मोजून सांगत नाही गो. राहतं म्हणजे घरचं कोण, तेच सांगतात. दुसरं काहीतरी विचार. ज्याला पुढे “आणि?” लागत नाही असं.'

मनस्विनीने विचार केला. मग तिने विचारलं, आणि विचारताना तिला आपण त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढतोय असं वाटलं. 'काल रात्री या घरात कोण झोपलं होतं?'

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पोफळींकडे बघत ते म्हणाले, 'मी.'

त्यात 'आणि' नव्हतं. खरा आकडा इतका साधा होता, आणि तो काढताना बाप एवढासा झाला होता. मग बाबांनीच विचारलं, वर्गात विचारत तसं, न चिडता. 'आणि तुझ्याकडे? काल रात्री?'

'मी,' मनस्विनी म्हणाली.

तिला त्यांनी आपल्याला त्या पाचांत का धरलं होतं ते तेव्हा कळलं. नाचणे रोडवर तिच्या दाराशी कुणी आलं असतं, तर 'आणि?' वर तिच्याकडे सांगायला एकही नाव नव्हतं. इथे निदान ती शेवटच्या ओळीत होती. घरात होती. चार वर्षं ती समजत होती की बाबांनी काही विचारलं नाही, म्हणून त्यांना काही लागलं नाही.

ओटीवर येऊन तिने झोपाळ्यावर बसून एल्केला लिहिलं. या किनाऱ्याचे आकडे वापरू नका. इथे कुणी फसवलेलं नाही. प्रश्न माझा होता आणि तो इथल्या माणसांना लागू नाही. पुन्हा जावं लागेल, आणि घरात कोण राहतं हे विचारायचं नाही, काल रात्री इथे कोण झोपलं एवढंच विचारायचं. एकटी माणसं फार निघतील. हे सगळं पुन्हा करायला माझं काम लांबलं तरी चालेल, किंवा दुसऱ्या कुणाला दिलंत तरी चालेल, पण यादीतून हा किनारा काढू नका. पाठवायचं बटण दाबताना तिला भीती वाटली, आणि दाबल्यावरही ती गेली नाही. उत्तर लगेच आलं नाही. येईल तेव्हा येईल. दिवेलागण झाली होती, आणि परतीची बोट पकडायची तर आत्ताच निघायला हवं होतं. ती उठली नाही.

'आज इथे दोन लिही,' बाबा आतून म्हणाले. 'कुळथाचं पिठलं टाकतो. भात आहे.'

'लिहिते,' ती म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. बाबांची पाठ तिच्याकडे होती. त्यांनी मांडणीवरून ताटं काढली, सवयीच्या हाताने, न बघता. तीन निघाली. ते तसेच जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी वरचं ताट उचललं, पंच्याने पुसलं, आणि आवाज होऊ नये अशा बेताने परत मांडणीवर ठेवून दिलं. मनस्विनीला वाटलं, ते त्यांनी परत ठेवायला नको होतं.